रावसाहेबाचं चालणं

आधी वॉकर. मग दुखरा पाय. मग चांगला पाय. मालन म्हेत्रे हे पुटपुटतच रिक्षातून उतरली, पुटपुटतच तिनं गटारावरची फरशी ओलांडली आणि पुटपुटतच घरात शिरली. उजव्या खुब्यात आता हाड नव्हतं, धातूचा गोळा होता. मोरीत साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला आणि खुबा मोडला, एवढीच गोष्ट. इचलकरंजीत माणसं यंत्रमागावर झिजतात, आणि झिजून उरली की मोरीत पडतात.

कमरेला नवा पट्टा होता. त्यातून निघालेल्या पातळ पट्ट्या मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर चिकटवल्या होत्या. पाऊल टाकायची वेळ झाली की कातडीखाली मुंगी चावल्यासारखं व्हायचं आणि पाय आपोआप उचलायचा. दवाखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर, चार माणसांच्या गोंगाटात, तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

घरात मात्र शांतता होती. सून वैजयंता आत चहा टाकत होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मालन खाटेपासून दारापर्यंत गेली. दाराशी पट्ट्यानं तिला थांबवलं. अंग जरासं पुढं झुकलं, उजवा हात वॉकरवरून सुटू पाहत होता. मग वळण आलं. डाव्या टाचेवर, खांदा आधी आणि बाकीचं अंग मागून, अरुंद जागेतून निसटावं तसं. मग पुन्हा पावलं. टाच जड, चवडा किंचित घासत.

मालन थबकली. कोण आलं म्हणून तिनं मागं पाहिलं. पावलंही थबकली होती.

ती पुन्हा चालली. आवाज पुन्हा आला. आतल्या खोलीत कपबशीचा आवाज होत होता, तो बंद झाला. गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. वैजयंता बाहेर आली नाही. मालननं आत डोकावलं तेव्हा ती दाराकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून जमिनीवर बसली होती.

"आत्ती," ती न वळता म्हणाली, "थांबू नका. चाला."

ती पावलं रावसाहेबाची होती, आणि रावसाहेबाला जाऊन दोन वर्षं होत आली होती. या भागात बाप हौसेनं असली भारदस्त नावं ठेवतात आणि पोरगा जन्मभर दुसऱ्याच्या मागांमधून अनवाणी फिरतो. मालनचा हा एकुलता एक मुलगा, वैजयंताचा नवरा. बाबासो शेठच्या शेडमध्ये माग चालवायचा. एके दिवशी संध्याकाळी शेठची माणसं त्याला टेम्पोतून घेऊन आली. दारू पिऊन माळ्याच्या जिन्यावरून पडला, म्हणाली. अंगाला दारूचा वास येत होता. वैजयंता ओरडून सांगत होती की हा माणूस पाळीवर कधी पीत नाही, चिरफाड करा, तपासा. मालनला ते ऐकवत नव्हतं. पोराला चिरायचं, परत शिवायचं आणि मग जाळायचं? बाबासो शेठ हात जोडून म्हणाले, मालनबाई, आमचा काही संशय नाही एवढं पोलिसांना सांगून टाका, म्हणजे देहाला हात लागणार नाही. तिनं सांगून टाकलं. आपल्याकडं मेलेल्याला सुरी लागू नये म्हणून माणसं जिवंतांच्या मानेवर सुरी ठेवू देतात.

त्या दिवसापासून सासू-सुना एका घरात राहत होत्या, एका ताटलीतलं खात होत्या, आणि रावसाहेबाबद्दल एक अक्षर बोलत नव्हत्या.

०

शहराबाहेरच्या नव्या केंद्रात डॉ. तन्वीर मुल्ला व्यायाम घ्यायचे. इथलेच, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीतले. रागावले की तोंड सुटायचं, पण हात हलका. पट्टा बांधण्याआधी ते प्रत्येकाला पट्ट्याशिवाय चालायला लावत. मालननं त्यांना विचारलं, हे यंत्र पाय टाकायला शिकतं तरी कुठून?

त्यांनी सांगितलं ते असं. हाड बसवायला सर्जनला तासभर पुरतो. अडचण पुढंच असते. चालणं हे डोक्याचं काम नाही, ते अंगाला पाठ झालेलं असतं. कुठला स्नायू आधी आवळायचा, कुठला सोडायचा, शेकडो गोष्टी एका पावलात ठरतात. ऑपरेशननंतर दुखण्यानं आणि भीतीनं हे पाठांतर बिघडतं. माणूस घाबरून पाऊल टाकतो, म्हणून पडतो, पडतो म्हणून आणखी घाबरतो. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की दुसऱ्याचं पाठांतर उसनं घ्यावं. चांगलं चालणाऱ्याच्या पायावर पट्टी बांधायची, त्याच्या स्नायूंतल्या बारीक वीजलहरी, पायाच्या हालचालीसकट, टिपून घ्यायच्या आणि त्याच क्रमानं, त्याच वेळेला, त्या रोग्याच्या स्नायूंना द्यायच्या. आधी परदेशातल्या जवान पोरांचं चालणं टिपलं होतं, सरकत्या पट्ट्यावरचं. ते इथं चाललं नाही. इथं उंबरे, ओल्या मोऱ्या, फुटलेल्या फरश्या. त्या पोरांचं चालणं घेऊन आपली म्हातारी माणसं धडाधड पडली. मग 'सुपद' कंपनीनं शोध घेतला, वाईटात वाईट जमिनीवर वर्षानुवर्षं न पडता चालतं कोण?

"मग सापडलं कोण?" मालननं विचारलं.

ते त्यांना ठाऊक नव्हतं. कंपनी नाव सांगत नसे. सगळ्या नमुन्यांत एकच सर्वांत सुरक्षित निघाला, त्याला ते 'मूळ चाल' म्हणत, आणि आता या अख्ख्या जिल्ह्यात तोच वापरात होता. त्याची खास गोष्ट म्हणजे उंबऱ्यावरचा थांबा. दार आलं की ही चाल क्षणभर थांबते, अंग पुढं झुकतं, मगच पाय पलीकडं जातो. कंपनीनं त्याची मोठी जाहिरात केली होती. निसर्गतःच सावध माणूस, असं म्हणत.

मालनला तो थांबा ओळखीचा होता. माग म्हणजे लक्ष्मी. शेडमध्ये कुणी चप्पल घालून जात नाही. आत जाताना कामगार वाकतो, उंबऱ्याला बोटं लावतो, ती कपाळाला लावतो. लहानपणापासून करून करून पुढं तो नुसता झुकतो, हात अर्धाच जातो. शिकल्यासवरल्या माणसांनी पोराचा नमस्कार चोरला होता आणि त्याला सावधगिरी असं नाव दिलं होतं.

तिला आठवलं. शेडमध्ये एकदा आरोग्य शिबिर झालं होतं. सगळ्यांच्या घोट्याला, पोटरीला आणि मांडीला काळी पट्टी बांधली होती. रक्तदाब बघतात म्हणे. रावसाहेब, तिचा राऊ, कित्येक महिने ती बांधूनच कामावर जायचा. रक्त विकायला या देशात बंदी आहे. चालणं फुकट काढून न्यायला नाही.

०

घरात आता वेगळाच दिनक्रम सुरू झाला. वैजयंता शिलाईच्या कारखान्यातून आली की हातपाय धुवायची आणि स्वयंपाकाला बसायची, बाहेरच्या खोलीकडं पाठ करून.

"फिरा की जरा, आत्ती."

मालन फिरायची. खाट, दार, थांबा, वळण. आत पोळपाटाचा आवाज त्या पावलांच्या ठेक्यावर यायला लागायचा. वैजयंता पूर्वीसारखं शेंगदाण्याचं झणझणीत कूट घालून वांगं करायला लागली. मालनला ते सोसत नाही हे तिला माहीत होतं. कधी ती एकटीच हलकं हसायची. एकदा तर ती म्हणाली, आज उशीर झाला होय. मालननं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न तिला नव्हता.

तिला स्वतःला तरी कुठं नको होतं? दुपारी घरात कुणी नसलं की ती डोळे मिटून चालायची. पोटच्या पोराला नऊ महिने अंगात वागवलं होतं, आता तो पुन्हा अंगात आला होता, खालून, पायांतून. कधीकधी ती पाय टाकायच्या आधीच पाय पडायचा. ती उंबऱ्याशी झुकायची तेव्हा तिचा हात स्वतःच कपाळाकडं निघायचा. मग मात्र ती हात खाली ओढायची. मेलेल्याला आपण वागवतोय की मेलेला आपल्याला?

मुल्लांनी तिला बजावलं होतं की पट्ट्याशिवाय रोज चालायलाच हवं. पट्टा फार वापरला तर स्वतःचं चालणं परत यायचं नाही. ते ती टाळू लागली. तिचं स्वतःचं चालणं लंगडं होतं, कुरूप होतं आणि त्याला घरात कुणी विचारत नव्हतं. पट्टा काढून वॉकर घेऊन ती स्वयंपाकघरात गेली की वैजयंता तिच्याकडं असं बघायची, जणू घरात भलतंच माणूस शिरलंय.

०

तपासणीच्या दिवशी केंद्राचा मोठा हॉल भरला होता. कंपनीचा माणूस पुण्याहून आला होता, केदार वाळिंबे नावाचा. गोड बोलणारा, चकचकीत बुटांचा. रोग्यांनी हॉलच्या एका दारातून यायचं, चालायचं, वळायचं, दुसऱ्या दारातून जायचं, असा कार्यक्रम होता. नातेवाईक मोबाईल उगारून उभे होते.

पहिली आली ती एक जाडजूड वकिलीणबाई. दारात थांबली, झुकली, तिचा उजवा हात वॉकरवरून किंचित उचलला. मग एक निवृत्त मास्तर, कुबड्यांवर. थांबले, झुकले. मग एक कॉलेजातला मुलगा, मोटारसायकलवरून पडलेला. मग एक साखर कारखान्याचा संचालक, त्याला नमस्कार करायची सवय नव्हती, करून घ्यायची होती. तोही झुकला. टाच जड, चवडा घासत, टाच जड, चवडा घासत. आणि हॉलच्या टोकाला सगळे एकामागून एक डाव्या टाचेवर वळले, खांदा आधी. मोकळ्याढाकळ्या हॉलमध्ये ती माणसं अशी अंग चोरून वळत होती, जणू दोन्ही बाजूंना माग धडधडत आहेत आणि कुणालाच ते दिसत नाहीत.

मालन बाकावर बसली होती. तिच्या भोवती वीस-पंचवीस राऊ फिरत होते. म्हातारे, बायका, गोरे, काळे, अत्तर लावलेले. एकाचाही चेहरा त्याचा नव्हता.

वाळिंबे बोलायला लागला. भीतीमुक्त पाऊल, वगैरे. मग म्हणाला की या मूळ चालीचा धनी ज्या जमिनीवर वावरत होता तिथं तेल होतं, पाणी होतं, कापसाची लव होती. आणि तरीही, पट्टी बांधल्यापासून ती उतरवेपर्यंत, अगदी शेवटच्या संध्याकाळपर्यंत, हा माणूस एकदाही पडला नाही. घसरला नाही, तोल गेला नाही, जिन्यावर अडखळला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मालननं टाळ्या संपू दिल्या. मग बसल्या जागेवरून विचारलं, "शेवटची संध्याकाळ म्हंजे?"

वाळिंबे हसून म्हणाला, पुढं त्यांनी पट्टी वापरणं थांबवलं, मावशी.

"का थांबवलं?"

त्याला ते माहीत नव्हतं. किंवा होतं. तो पुढच्या रोग्याकडं वळला.

मालनच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घुमत राहिली. जिन्यावर एकदाही अडखळला नाही. मग माझा पोरगा जिन्यावरून मेला कसा?

०

दुपारी हॉल रिकामा झाल्यावर तिनं मुल्लांना धरलं. सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खाली बसले. मग त्यांनी आपली पाटी, म्हणजे टॅब्लेट, काढली. प्रत्येक रोग्याला जिना, उतार, वळण यांचे तुकडे वेगळे द्यावे लागतात, म्हणून मूळ चालीची अख्खी साठवण डॉक्टरच्या पाटीत उतरवलेली असे. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणी पाहत नसे. पाहायचं कारणच नव्हतं.

"शेवटचं लावा," मालन म्हणाली.

दाखवतो, म्हणून त्यांनी पडद्यावरच्या रेषा तिच्यापुढं धरल्या.

"मला रेघोट्या वाचता येत न्हाईत. माज्या पायात लावा."

ते भडकले. नव्या खुब्यावर असला खेळ करायचा? गोळा निखळला तर पुन्हा टेबलावर जाशील, मावशी, आणि या खेपेला उठायची नाहीस. मालन हलली नाही. दोन समांतर दांड्यांमध्ये जाऊन, दोन्ही हातांनी दांड्या धरून ती उभी राहिली. शेवटी मुल्लांनी वीज अगदी कमी केली, पाय हलू नयेत, नुसतं कळावं इतकी. स्वतः तिच्या मागं उभे राहिले, काखेत हात घालून.

राऊ चालायला लागला. मालननं डोळे मिटले. चार पावलं, थांबा. सुताची तुटलेली तार जोडली असेल. वळण. परत. पाळीचा शेवट होता, तरी पायांत थकवा नव्हता. उन्हाळ्यात तारा तुटू नयेत म्हणून शेडच्या जमिनीवर पाणी मारतात, तळव्यांची ती सावध पकड तिच्या तळव्यांत आली. दारू प्यायलेल्या माणसाचे पाय तिनं नवऱ्याच्या रूपानं पुष्कळ बघितले होते. हे ते नव्हते. मग तो थांबला. डावी टाच उचलली, चवड्यावर उंच झाला, मागावर ओणवून पलीकडं काहीतरी धरायला.

आणि दोन्ही पाय एकदम आवळले. मांड्या, पोटऱ्या, बोटं, सगळंच, एकाच वेळी. ते सुटेना. वीज कमी होती म्हणून फक्त थरथर आली, पण मालनला कळलं की पाय जमिनीतून उपटून निघायला बघतोय आणि जमीन सोडत नाही. मुल्लांनी झटक्यात पट्टा बंद केला.

ते पडद्यावरच्या शेवटच्या रेषा मागंपुढं करून बघू लागले. मग कोरड्या आवाजात म्हणाले, "हे चालणं न्हवं, मावशी. हे पडणंबी न्हवं. कुठलाच माणूस आपणहून सगळे स्नायू एकदम आवळू शकत न्हाई. हे बाहेरनं होतंय. मी रोज तुमच्या पायात जे सोडतो, तेच. फक्त हजार पटीनं."

जिना कुठंच नव्हता. त्या दिवसाच्या साठवणीत एकही पायरी नव्हती. आवळल्यानंतर पाय ढिले पडले होते, आणि मग कितीतरी वेळ ते जमिनीला न टेकता हलत होते. उचलून नेलेल्या माणसाचे हलतात तसे.

बाबासो शेठच्या मागांची अर्थिंग तुटलेली आहे, हात लागला की शॉक बसतो, हे सगळ्या शेडला ठाऊक होतं. राऊ घरी येऊन दोनदा बोलला होता. मालनच म्हणाली होती, गप बस, काम जाईल. यंत्रानं मात्र प्रामाणिकपणे टिपून ठेवलं होतं, आणि कंपनीच्या हुशार माणसांनी त्या शेवटच्या भागावर शेरा मारला होता. बाहेरचा विद्युत अडथळा, वगळावा. एका माणसाचं मरण त्यांनी कचरा म्हणून बाजूला काढलं आणि उरलेल्याचं दुकान मांडलं.

०

मुल्लांनी पाटीवर काय पाहिलं ते कंपनीला तिथल्या तिथं कळलं असावं. दुसऱ्याच दिवशी वाळिंबे घरी आला. बूट बाहेर काढून बसला, चहा घेतला. वैजयंता दाराशी उभी राहून ऐकत होती.

त्यानं कसलीही धमकी दिली नाही. सरळ समजावलं. नमुन्याच्या धन्याचं नाव उघड झालं, त्याची संमती नव्हती असं निघालं, तर तो नमुना कायद्यानं मागं घ्यावा लागतो. त्या क्षणी ही चाल सगळ्यांच्या पट्ट्यातून जाईल. तुमच्याही. तुमचा खुबा अजून कच्चा आहे. पण तुम्ही शांत राहिलात, तर हा पट्टा तुमच्याकडं कायमचा राहील. तुमच्या मुलाचं चालणं तुमच्या घरात राहील. जाताना त्यानं उंबऱ्याकडं पाहिलं आणि नकळत पाय जरा उंच उचलला.

तो गेल्यावर मालननं सुनेला केंद्रात काय घडलं ते पहिल्यांदा सगळं सांगितलं. राऊ पिऊन नव्हता. तू म्हणत होतीस ते खरं होतं. मी पोलीस ठाण्यात जाणार.

तिला वाटलं, पोरगी रडेल, गळ्यात पडेल. वैजयंता तशीच उभी होती.

"मला काय नवीन सांगताय? मला ते पहिल्या दिवसापासनं ठावं होतं."

"मग?"

"मग काय? मी चिरा म्हणत होते, तवा तुम्ही न्हाई म्हणाला. आता मी चालू द्या म्हणतेय, तर आता तुम्हाला चिरायचंय." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तो माजा कवा होता ते तरी सांगा, आत्ती."

मालन वॉकर धरून मागं सरली. ती खाटेवर बसून राहिली. पाय दुखत होता. पट्टा टिकवला तर मोरीपर्यंत निर्धास्त जाता येईल, मरेपर्यंत. संध्याकाळी आत पोळपाट वाजेल. आणि गल्लीत कुणी रावसाहेबाचं नाव काढलं की म्हणेल, तो होय, दारू पिऊन पडला तो. तिनं मुल्लांना फोन लावला. त्यांनी तासभर शिव्या घातल्या, तिला नव्हे, कंपनीला, आणि म्हणाले, माझे जेवढे रोगी आहेत त्यांना मी कळवतो की उद्यापासून पट्टा काढून चाला, वॉकर सोडू नका. जे ऐकतील ते ऐकतील. पाटीतली साठवण मी दुसरीकडं उतरवलीय. साक्षीला मी येतो.

सकाळी मालननं वाळिंबेला स्वतःच कळवलं, मी निघालेय. लपूनछपून जायला ती काही चोर नव्हती. वॉकर ठाण्याच्या पायऱ्यांना उपयोगाचा नाही म्हणून तिनं एक कुबडी घेतली. दाराशी वैजयंता आडवी आली.

"एकदा फिरा," ती म्हणाली. "खाट ते दार. शेवटचं."

मालन फिरली. या खेपेला वैजयंतानं पाठ केली नाही. ती समोर भिंतीला टेकून उभी राहिली आणि पावलांकडं बघत राहिली. सुजलेले घोटे, भेगाळलेल्या टाचा, जोडवी कधीच काढून टाकलेली बोटं. उजव्या पोटरीवर पट्टीच्या चिकटानं उठलेला लाल चट्टा. एका म्हातारीचे पाय, ज्यांना कुणीतरी ओढत होतं. बघता बघता तिचा चेहरा पिळवटला. तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं, खुंटीवरची पिशवी घेतली आणि सासूच्या डाव्या दंडाला धरलं.

"चला. रिक्षा बोलवलीय."

०

पोलीस ठाण्याला उंच दगडी पायऱ्या होत्या. एका बाजूला लोखंडी कठडा. रिक्षातून उतरून मालन पहिली पायरी चढली. दुसरीवर पाय टाकला आणि पायांतली मुंगी मेली.

असं काही होणार हे तिला ठाऊक होतं; कंपनीनं तक्रारीचीही वाट न पाहता सगळ्यांच्या पट्ट्यांतून ती चाल काढून घेतली होती. पाय एकदम जड झाले, लाकडाचे. कठड्याला लटकून ती उभी राहिली. तिनं मागं वळून पाहिलं. समोरच्या रस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी एक म्हातारा वॉकर धरून उभा होता. एक पाय पुढं टाकायला उचलला होता आणि तो तसाच अधांतरी राहिला होता. पलीकडं औषधाच्या दुकानासमोर एक बाई कुबडीवर तशीच. तिसरा एक बँकेच्या दारात, अर्धा झुकलेला, हात कपाळाकडं निघालेला. त्यांच्यामधून रिक्षा, सायकली, माणसं वाहत होती आणि हे तिघं रस्त्यावर कुणी उभे करून ठेवलेले पुतळे. शेडची लाईट गेली की सगळे माग जिथल्या तिथं थांबतात, सूत नेणारा धोटा अर्ध्यावर, तसंच. म्हातारा हळूहळू मान वळवून आपल्याच पायाकडं बघायला लागला. ओळख पटत नाही अशा नजरेनं.

मग त्यानं पाय खाली ठेवला. वॉकर धरून ठेवलेला होता, पडला नाही.

या शहरातून रावसाहेब म्हेत्रे दुसऱ्यांदा गेला होता. मालननं डोळे मिटून त्याची वाट पाहिली. पायांत काही उरलंय का, जरा तरी. काही नव्हतं. धातूचा गोळा आणि दुखणं.

"आत्ती, परत फिरायचं?" वैजयंतानं विचारलं.

मालननं नकारार्थी मान हलवली. चढताना चांगला पाय आधी. तिनं डावा पाय वर नेला. अंग थरथरलं, कठडा करकरला. मग दुखरा पाय. मग कुबडी. प्रत्येक पायरीवर ती ढोरासारखी धापा टाकत होती. वेडंवाकडं, लंगडं, कुणालाही विकता न येणारं चालणं. वैजयंता एक पायरी खाली राहून तिच्या कमरेशी हात धरून होती, मुल्लांनी शिकवलं होतं तसं, आणि पावलागणिक हलक्या आवाजात म्हणत होती, चांगला, दुखरा, कुबडी.

आत मुल्ला आधीच येऊन बाकावर बसले होते, पाटी मांडीवर घेऊन. टेबलामागची हवालदारीण मालनचा घामेजलेला चेहरा आणि सुटलेला पदर बघून अर्धवट उठली. तिनं खुर्ची पुढं ढकलली, पाणी मागवलं आणि विचारलं, "काय झालं मावशी? पडलात होय?"

मालन बसली नाही. कुबडी टेबलाला टेकवून ती दोन्ही पायांवर उभी राहिली.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "माजा पोरगा कवाच पडलेला न्हाई. लिहून घे."